कोट हलकाच घ्या

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

रविवारी बर्डीच्या बाजारात कोट बघायला जाणार आहात, त्याआधी हे वाचून घ्या. दुकानात गेलं की हात जाड, वजनदार कोटाकडेच जातो. पण ऊब वजनाने येत नाही, कोटात अडकून राहिलेल्या हवेने येते. लोकरीचा लांब कोट दीड-दोन किलोचा, आणि त्याचा सगळा भार मानेवर. आत भरण असलेलं जॅकेट अर्ध्या किलोत तेच काम करतं.

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर गेला होता खरा, पण एरवी थंडीत पहाटे १०-१२ आणि दुपारी २८. सकाळी फुटाळा तलावावर अंगात असलेला कोट दहा वाजता घडी करून पिशवीत जायला हवा.

आत काय भरलंय ते लेबलवर वाचा. पॉलिएस्टर असेल तर चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम पुरे, आतून पातळ स्वेटर घालायचाच आहे. बदकाची पिसं त्याहून हलकी, पण भिजली की चपटी होतात, ऊब जाते, आणि नीट वाळली नाहीत तर गोळे होतात. घरी धुणं-वाळवणं बघता मी पॉलिएस्टरच सुचवेन.

वरचं कापड पारखायची सोपी रीत आहे. जिथे अस्तर सुटं असेल तिथे फक्त वरचं कापड चिमटीत धरा, ओठांना लावून जोरात फुंका आणि पलीकडे तळहात ठेवा. फुंकर लागली तर स्कूटरवर वाराही तसाच आत येणार. आई, फार पातळ, चकचकीत नायलॉन नको, बांगडी अडकली की धागा निघतो.

मापात सगळ्यात जास्त चुका होतात. स्वेटर घालूनच जा. चेन लावल्यावर छातीपाशी चार बोटं आत जायला हवीत. त्याहून घट्ट झाला तर भरण दबतं, हवा उरत नाही आणि महाग कोटही गार लागतो. फार ढगळ असेल तर खालून वारा शिरतो. दोन्ही हात वर करून बघा, कंबर उघडी पडली तर लांबी कमी आहे.

आई, साडीवर घालायचा म्हणून खांद्याला शिवण असलेला कोट नको. पदराच्या घड्या तिथेच दाटतात आणि एक खांदा वर दिसतो. गळ्यापासून तिरकी बाही असेल तर घड्या मावतात. लांबी नितंब झाकेल इतकी, बाजूला चीर हवीच, नाहीतर बसताना कोट वर चढतो. आडव्या शिलाईचे कप्पे रुंद असले की अंग फुगीर दिसतं. पाच-सहा सेंटिमीटरचे, कुशीत तिरके वळलेले कप्पे बघ. रंग मरून किंवा मोरपंखी घे, तुला खुलतो.

बाबा, पोटासाठी दोन माप मोठा घेऊ नका, खांदे लोंबतात आणि बाही बोटांवर येते. खालूनही उघडणारी चेन घ्या, बसल्यावर पोटापाशी ओढ बसत नाही. चेनची मूठ मोठी हवी, गारठलेल्या बोटांनी बारीक मूठ धरवत नाही. चेनच्या मागे कापडाची पट्टी नसेल तर तो कोट बाजूला ठेवा, दातांमधून थेट छातीवर वारा लागतो. मनगटाला लवचीक पट्टी आणि हनुवटीपर्यंत कॉलर असली की टोपीशिवाय बाकी काही लागत नाही.

धुताना कोमट पाणी, थोडा पातळ साबण, पिळायचा नाही. सावलीत आडवा वाळवा, मध्ये दोनदा झटका, इस्त्री अजिबात नको. होळीनंतर ट्रंकेत दाबून भरू नका, भरण कायमचं चपटं होतं. सुती पिशवीत घालून कपाटात टांगा. माळ्यावर तर नकोच, मे महिन्यात तिथे भट्टी असते.

घेण्याआधी दुकानातूनच अंगात घातलेला फोटो पाठवा, समोरून आणि बाजूने.

तुमची,
लेक