बाबा, रान पेरून झाले

मंगळवेढा,
कोजागरी पौर्णिमा

ती. बाबा आणि आई यांस,
सा. नमस्कार.

पुण्याची नोकरी मी सोडल्याचे तुम्हांला दादाकडून कळले. ते माझ्याच तोंडून कळायला हवे होते, त्याबद्दल क्षमा मागते. आपले काळे रान यंदा खंडाने न देता मीच कसते आहे आणि मागच्या आठवड्यात मालदांडी ज्वारी पेरून झाली.

बाबा, १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी बैल विकले, तुम्ही खडी फोडायला गेलात, आणि ‘या मातीत पोरांना घालणार नाही’ असे म्हणालात, ते मी विसरलेले नाही. तुमचा शब्द मोडण्यासाठी मी आलेली नाही. पण बांध फुटून दर पावसाळ्यात वरची माती ओढ्याला जात होती, वेडी बाभूळ विहिरीच्या काठापर्यंत आली होती, आणि आणखी काही वर्षांनी परत यावे असे तिथे काही उरले नसते. उन्हाळ्यात बांध घातले, विहिरीतला गाळ काढला, आणि हस्ताचा पाऊस प्रथमच रानातच जिरला. ही ज्वारी पाण्याच्या पाळ्यांवर नव्हे, तर काळ्या मातीने धरलेल्या ओलीवर येते, हे तुम्हीच मला शिकवले. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. दोन वर्षे पुरेल एवढी शिल्लक मी बाजूला ठेवली आहे.

आई, घरावरचे पत्रे बदलले आहेत, न्हाणीघराला दार बसवले आहे, काकू भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतात आणि रात्री मी त्यांच्याकडेच झोपते. पुण्यापेक्षा आता मी तुला कितीतरी जवळ आहे.

संध्याकाळी मी पारावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. दुष्काळात कोठारे उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा सगळेच सांगतात. मला आपल्या पेवाची, जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराची हवी आहे, आत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत आणि तो विझला तर कुणालाही उतरू देत नसत, तेव्हाची. सातबाऱ्यावर नुसते गट क्रमांक आहेत. ओढ्याकडच्या तुकड्याला ‘म्हातारीची पट्टी’ का म्हणतात, ती म्हातारी आपली कोण, हे आता तुमच्याशिवाय सांगणारे कुणी राहिलेले नाही, बाबा.

भाजलेली कणसे चोळून, फुंकर घालून, भुसकट उडालेला हुरडा तुम्ही आधी माझ्या मुठीत द्यायचात. त्या फुंकरीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता माझे ऐका. साखरेची गोळी जेवणाआधीच घ्या, चहात चोरून साखर घालू नका. आई, तू स्टुलावर चढून माळ्यावरचे काही काढायचे नाही. सकाळी दोघांनी मिळूनच सिद्धेश्वर तळ्याकाठी फिरायला जा.

पौषात हुरड्याला गाडी पाठवते. बांधापर्यंत गाडी येते, त्यामुळे गुडघ्याला त्रास होणार नाही, आणि सावलीत बाज टाकून ठेवीन. मनात राग असला तरी या. शेतात उतरावेसे वाटले नाही, तर बाजेवर बसूनच मला पट्ट्यांची नावे सांगा.

तुमची,
धाकटी