युवा परिषदेची बैठक : रविवारी सकाळी १० वाजता

सर्व सभासदांना आठवण. बैठक तालमीच्या हॉलमध्येच आहे. १४ ते २५ वयाच्या पोरापोरींनी यायचंच, मोठ्यांनी मागं बसून ऐकायचं.

गेल्या खेपेला अकरावीतली एक मुलगी रंकाळ्याकडच्या बोळातले बंद दिवे, कुठला खांब ते सगळं, वहीत लिहून घेऊन आली. क्लासवरून परतताना तो अंधार तिला रोज लागतो. आपल्यापैकी कुणाच्या ध्यानातही नव्हता. तीच यादी आता ठरावासह वॉर्ड ऑफिसला द्यायची आहे.

मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झालं. त्याआतल्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं कलम १२ सांगतं.

वही-पेन आणा. बहिणींना, मैत्रिणींना आवर्जून घेऊन या.