‘मूळ संचातल्या बाईंची सर नाही’

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या नाट्यस्पर्धेत मी परीक्षक होतो. एक जुनं नाटक नव्या संचात आलं होतं. नायिकेची भूमिका करणाऱ्या मुलीने तिसऱ्या अंकात प्रेक्षागृह चिडीचूप केलं. गुण देताना शेजारचे परीक्षक म्हणाले, “चांगली आहे, पण मूळ संचातल्या बाईंची सर नाही.” मी विचारलं, तुम्ही तो मूळ प्रयोग पाहिलाय? नव्हता पाहिला. वडिलांकडून ऐकलं होतं. बक्षीस दुसरीकडे गेलं, आणि मीही तेव्हा फारसा भांडलो नाही. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे पत्र.

राज्याच्या नाट्यपुरस्कारांची नियमावली पुन्हा हातात घ्याल तेव्हा पुनरुज्जीवित नाटकातल्या अभिनेत्रींचा विचार करावा, एवढीच विनंती आहे. (‘पुनरुज्जीवित’ हा शब्दही मला खटकतो. नाटक मेलं होतं कधी? जाहिरातीतला ‘नव्या संचात’ बरा.)

‘चारचौघी’ घ्या. १९९१ साली प्रशांत दळवींचं हे नाटक चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलं, तेव्हा आईच्या भूमिकेत दीपा श्रीराम होत्या आणि थोरली मुलगी विद्या केली होती वंदना गुप्तेंनी. २०२२ मध्ये त्याच दिग्दर्शकाने ते पुन्हा उभं केलं. या वेळी आई झाल्या रोहिणी हट्टंगडी आणि विद्या झाल्या मुक्ता बर्वे. विद्याचा नवऱ्याशी चाललेला तो लांबलचक फोन आठवा. समोर माणूस नाही, पलीकडचा आवाज नाही. नवरा काय बोलतोय ते प्रेक्षकाला फक्त तिच्या चेहऱ्यावरून आणि थांबण्यावरून कळतं. ज्यांना हा प्रवेश जवळजवळ पाठ आहे, तेही नाट्यगृहात बसलेले असतात. पहिल्या विद्यापुढे हे ओझं नव्हतं. दुसरीला फोनवरचा नवरा सांभाळायचा आणि प्रेक्षकाच्या डोक्यातली पहिली विद्याही.

वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ नाटकातली नायिका बयो १९७२ साली शांता जोगांनी केली. २०१९ मध्ये ती शृजा प्रभुदेसाईंनी केली. आता या दोघींत तुलना कशाची करायची? शांताबाईंना रंगमंचावर पाहिलेला प्रेक्षक आज सत्तरीत असणार. त्याची आठवण खोटी नसेल, पण मधल्या वर्षांत ती मोठी होत गेलेली असते. तिच्याशी स्पर्धा लावून कुणाही अभिनेत्रीचे गुण कापणं अन्यायाचं आहे.

आणि ‘मूळ’ म्हणजे तरी कोण? ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगमंचावर आलं, तेव्हा त्याची नायिका सिंधू झाले होते बालगंधर्व. ‘सौभद्र’मधली सुभद्रा, ‘मानापमान’मधली भामिनी, ‘संशयकल्लोळ’मधली रेवती, या संगीत नाटकांतल्या सगळ्या नायिका आधी पुरुषांनीच उभ्या केल्या. हिराबाई बडोदेकरांनी सुभद्रा केली, ती दुसऱ्यांनी आधी केलेलीच भूमिका होती. जयमाला आणि कीर्ती शिलेदार या मायलेकींनी तर आयुष्यं वाहिली ती बहुतेक जुन्याच नाटकांना. मूळ संचाचा मान हाच निकष धरला, तर संगीत रंगभूमीवरच्या या बायकांच्या हाती काहीच लागणार नाही. जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली २०१३ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

यावर कुणी सुचवेल, वेगळं पारितोषिक ठेवू, ‘पुनरुज्जीवित नाटकातील लक्षवेधी अभिनेत्री’. कृपा करून तसं नको. ती पंगतीच्या शेवटची पत्रावळ होईल. न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांत पुनरुज्जीवित नाटकासाठी वेगळा पुरस्कार आहे, पण अभिनयाची रांग एकच. २०१८ मध्ये ग्लेंडा जॅक्सन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला तो ‘थ्री टॉल विमेन’च्या पुनरुज्जीवित प्रयोगासाठी. तेव्हा त्यांचं वय ८२ होतं.

वयाचा मुद्दाही ओघाने आलाच. चाळिशी ओलांडलेल्या आमच्या नट्यांना नव्या नाटकांत बऱ्याचदा काय मिळतं? तक्रार करणारी बायको, चहाचा ट्रे आणणारी सासू. भरीव काही करायचं तर त्यांना बयोकडे, नाहीतर ‘चारचौघी’तल्या आईकडे जावं लागतं. नव्या लेखकांना मी दोष देत नाही, तिकीटबारीचं गणित मलाही कळतं. पण मग त्या जुन्या भूमिकेतलं काम तरी पुरतं मोजलं जावं.

नियमावलीत पुढची ओळ स्पष्ट असावी: नव्या संचात आलेल्या नाटकातील अभिनेत्री अभिनयाच्या मुख्य पारितोषिकासाठी पात्र राहतील, आणि परीक्षक समोरच्या प्रयोगावरच गुण देतील.

आपला,
एक जुना प्रेक्षक

ता. क. – गाजलेल्या नव्या संचांच्या एकेका प्रयोगाचं नीट चित्रीकरण करून सरकारने जपून ठेवावं. आणखी तीस वर्षांनी कुणी विद्या करेल, तेव्हा परीक्षकाला वडिलांच्या सांगण्यावर विसंबावं लागू नये.