केतकी, छोट्या पिंजऱ्यांपाशी थांब

नाशिक

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की रविवारी मैत्रिणींबरोबर फ्रँकफुर्टचं प्राणिसंग्रहालय बघायला जाणार, वेळ कमी म्हणून सिंह आणि गोरिला तेवढे बघणार. ते बघच. पण तिथलं निशाचर प्राण्यांचं घर, ग्झिमेक हाउस, चुकवू नकोस. १९७८ पासून ते आहे. आत दिवस-रात्र उलटी केलेली असते. रात्री दिवे लावतात आणि दिवसा अंधार करतात, म्हणजे आपण जातो तेव्हा प्राणी जागे असतात. आत शिरल्यावर लगेच पुढे सरकू नकोस, डोळे अंधाराला सरावू देत. बरेच लोक तेवढा वेळ देत नाहीत, "रिकामाच आहे" म्हणतात आणि निघतात. अशा न थांबणाऱ्या माणसांमुळेही हे छोटे, रात्री जागणारे मांसाहारी प्राणी प्राणिसंग्रहालयांतून एकेक करून जात आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुला वाघाटी आठवते ना, ती इवलीशी रानमांजर? आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की निफाड-सिन्नरकडून फोन सुरू होतात, फडात बिबट्याची पिल्लं सापडली म्हणून. त्यातली काही वाघाटीची निघतात. निफाडजवळच्या एका फडात मी अशी दोन पिल्लं जवळून पाहिली. पाचटात अंगाला अंग लावून पडलेली, दोन्ही मिळून माझ्या ओंजळीत मावली असती. कपाळावर उभ्या पांढऱ्या रेघा, पाठीवर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीने मांडल्यासारखे, कान छोटे आणि गोल. तोडणीवाल्या मावशींनी कोयता बाजूला ठेवून पदराने त्यांच्यावर सावली धरली होती. वनविभागाच्या लोकांनी पिल्लं टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवली, अंधार पडायच्या आत कॅरेट त्याच सरीत नेऊन ठेवलं, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब पाठवलं. आई रात्रीच आली. आधी कॅरेटभोवती फिरली, मग मानेला धरून एक नेलं, परत येऊन दुसरं नेलं. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम दीड किलोची. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते आणि भारत, श्रीलंका, नेपाळ सोडून ती कुठेही नाही.

फ्रँकफुर्टमध्ये हिचीच श्रीलंकेतली बहीण वाढवली गेली, पिल्लंही झाली. आपल्या भारतातल्या वाघाटीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आहे, श्रीलंकेतल्या वाघाटीवर तेवढी नाही, हेही ध्यानात ठेव. २०१० च्या जुलैमध्ये त्या श्रीलंकी उपजातीच्या जगभरच्या आठ प्राणिसंग्रहालयांत मिळून ५६ वाघाटी होत्या, ११ कोलंबोत आणि ४५ युरोपात. आपल्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

एवढ्या थोड्या प्राण्यांचं गणित कसं बिघडतं बघ. दोन नर म्हातारे होतात, एक मादी पिल्लं टाकते, एका ठिकाणी नव्या बांधकामासाठी जागा लागते. रानातून नवे प्राणी आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. मग उरलेल्यांत जवळच्या नात्यातल्याच जोड्या लागतात. शेवटचा प्राणी मेला तरी बातमी होत नाही, फक्त पाटी बदलते. त्या जागी बहुतेकदा मीरकॅट, म्हणजे आफ्रिकेतलं छोटं मुंगूस, येतो. तोही छोटा मांसाहारीच आहे, पण तो दिवसा उन्हात उभा राहतो आणि मुलं काचेला नाक लावून बघतात. जवादी, उदमांजर, वाघाटी दिवसा झोपतात, म्हणून मागे पडतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूने तर आपलं निशाचरांचं अख्खं दालन २००९ मध्ये पैशांअभावी बंद केलं, ते पुन्हा उघडायला २०२५ उजाडलं.

काही ठिकाणी कायद्यानेही जातात. युरोपीय संघाने २०१६ मध्ये घुसखोर प्रजातींची यादी लागू केली, त्यात दक्षिण अमेरिकेचा लांब नाकाचा कोआटी आणि त्याचा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद रकून आले. असलेले प्राणी मरेपर्यंत ठेवता येतात, पण त्यांची पैदास करता येत नाही. रकूनने तिथल्या रानात खरंच उच्छाद मांडला आहे, तेव्हा कायद्यामागचं कारण मला पटतं. तरी तुला जिथे कोआटी दिसेल तिथे नीट बघून घे. तुझ्या मुलांना तो तिथे दिसेलच असं नाही.

तू म्हणशील, नाही दिसला तर काय बिघडलं? तर काळ्या पायांच्या फेरेटची हकिगत ऐक. अमेरिकेतला मुंगसाएवढा प्राणी. पकडून ठेवलेल्यांची पिल्लं जगली नाहीत, त्यातला शेवटचा १९७९ मध्ये मेला आणि प्रजातच संपली असं धरून चालले. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीट्सी गावाजवळ एका शेतावरच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला, आणि शोध घेतल्यावर तिथे जिवंत सापडले. मग रोगाची साथ आली. १९८७ पर्यंत उरले ते १८, सगळे पिंजऱ्यात. पुढची सगळी वंशावळ त्यातल्या फक्त ७ जणांपासून सुरू झाली. माद्या कधी माजावर येतात, जोडी केव्हा सोडायची, पिल्लं कशी वाचवायची हे सगळं सांभाळणारी माणसं त्यांच्या सैबेरियन भाऊबंदांवर, म्हणजे सैबेरियन पोलकॅटवर, आधी शिकली होती, म्हणून ते जमलं. आज ते पुन्हा माळावर आहेत. विला नावाच्या मादीच्या १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये तिची प्रतिकृतीही जन्मली.

हात असा बसायला प्राणी जवळ असावे लागतात आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षं खपणारी माणसं लागतात. एकदा ते पिंजरे उठले की ती माणसंही पांगतात. उद्या आपल्या वाघाटीवर तशी वेळ आली तर कुणाला विचारायचं?

म्हणून रविवारी एक कर. तिथल्या प्राणी सांभाळणाऱ्या माणसाला जर्मनमध्ये विचार, इथे छोटे मांसाहारी कोणकोणते आहेत, त्यांची वयं काय, शेवटची पिल्लं कधी झाली. लोक विचारतात हे वरपर्यंत पोचतं, आणि ते पोचायला हवं. प्रत्येक पाटीचा तारखेसकट फोटो काढ आणि मला पाठव, मी वहीत उतरवून ठेवेन.

आईने फराळ पाठवलाय, चकल्या मोडल्या असतील तर कळव. स्वेटर घालून जा. उत्तर लवकर लिही.

तुझा,
बाबा