चि. समीरला, माझ्या तापाबद्दल

सांगली, 20 जुलै

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "सुटलो ना बाबा एकदाचे?" म्हणालास. आई शेजारीच होती, म्हणून मी हो म्हटलं. अॅब्लेशन, म्हणजे धडधड थांबवायला जांघेतून नळी घालून हृदयाचा थोडा भाग आतून डागणं, नीट झालं हे खरं. हृदयाला छिद्र पडून भोवती रक्त साचणं किंवा अर्धांगाचा झटका येणं, हे शंभरात एखाद्याला होतं आणि बहुतेक वेळा टेबलावर नाहीतर पहिल्या एक-दोन दिवसांत कळतं. ते दिवस गेले. जांघेतला काळानिळा डागही ओसरला. पण एक धोका उशिरा येतो आणि तो तुला माहीत हवा, कारण तेव्हा मी शुद्धीत असेनच असं नाही.

हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यामागे, काही मिलिमीटरवर, अन्ननलिका असते. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी डागताना तिला चटका बसला, तर जखम चिघळून दोन-चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही, अन्ननलिका आणि हृदय यांच्यात वाट पडते. हजारात एकालाही हे होत नाही. मात्र ज्यांना होतं, त्यांतले निम्म्याहून जास्त दगावतात. विजेच्या सूक्ष्म झटक्यांच्या नव्या पद्धतीत अन्ननलिका बरीच वाचते; माझं डागणं उष्णतेचं होतं.

गोची अशी की सुरुवात साध्या तापानं होते. गिळताना दुखतं, छातीत दुखतं, मग बोलणं अडखळतं किंवा हात लुळा पडतो. आणि इथे पावसाळ्यात घरोघरी ताप! कुणीही डेंगी, व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देईल, त्यात त्याचा काय दोष? म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत मला ताप आला की डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: "हृदयाचं अॅब्लेशन झालंय." गिळताना दुखतंय किंवा रक्ताची उलटी झाली म्हणून कुणी तोंडातून दुर्बीण घालायला निघालं, तर थांबवायचं. दुर्बिणीतून हवा भरतात; ती त्या वाटेनं हृदयात आणि तिथून मेंदूत जाते. आधी छातीचा सीटी स्कॅन. तोवर पाण्याचा घोटही नको. आणि पुण्याच्या डॉक्टरांना लगेच फोन. मोठ्यांपुढे बोलायला संकोचतोस, तो इथे सोड.

मध्ये धडधड परत आली तर घाबरू नकोस. पहिले दोन-तीन महिने ती येऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद होणार नाही, दाताच्या डॉक्टरांच्याही नाही. काही महिन्यांनी मला दम लागून खोकला सुरू झाला, तर छातीच्या डॉक्टरांइतकंच हृदयाच्या डॉक्टरांनाही विचार. डागलेल्या शिरा आक्रसल्या तर असं होतं आणि लोक दमा समजून औषधं घेत बसतात.

डिस्चार्ज कार्डाचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलेत, ते जपून ठेव. आईला मी फक्त तापाचं सांगितलंय, पुढचं नाही. तिचा फोन आधी तुलाच येईल, तेव्हा रात्री मोबाइल सायलेंटवर टाकू नकोस.

तुझे,
बाबा