बीव्हरच्या मांसाचे उदाहरण देऊन बेडकांची शिकार समर्थनीय ठरत नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की आपल्या गोव्यात सत्तरीपासून पेडण्यापर्यंतच्या शेतांत आणि सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, रात्रीच्या वेळी टॉर्चचे झोत फिरू लागतात आणि पोत्यांत भरलेले बेडूक पहाट होण्याआधीच गावाबाहेर पोहोचलेले असतात. हे दरवर्षीचेच आहे. यंदा मात्र या शिकारीचे एक नवे समर्थन ऐकू येऊ लागले आहे. कॅनडात नोकरीनिमित्त गेलेल्या मुलांकडून आलेली एक चित्रफीत आमच्या भागात मोबाईलवर फिरते आहे. तीत एक शिकारी बर्फातल्या सापळ्यात सापडलेला बीव्हर सोलतो, त्याचे मांस शिजवतो आणि घरची माणसे ते आवडीने खातात. ‘एवढ्या पुढारलेल्या देशात रानातले जनावर उजळ माथ्याने खातात, मग आमच्याच मागे कायद्याचा ससेमिरा का?’ असा प्रश्न त्यासोबत विचारला जातो. तो विचारणारे सगळेच चोरटे शिकारी नाहीत, त्यांत शिकलीसवरलेली, गावाबद्दल आस्था असलेली तरुण मुलेही आहेत. म्हणून या प्रश्नाला रागावून नव्हे, तर पुरेशा माहितीने उत्तर दिले पाहिजे, असे मला वाटते. मी हायस्कुलात अनेक वर्षे विज्ञान शिकवले आहे आणि माझ्या घरी मासे-मटण नेमाने शिजते, तेव्हा माझा आक्षेप मांसाहाराला आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

बीव्हर हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे आपल्या साळिंदराप्रमाणे कुरतडून खाणारा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे वजन साधारण १६ ते ३० किलो भरते. ॲस्पेन, पॉप्लर, विलो अशा झाडांच्या साली आणि पाणवनस्पती हे त्याचे खाणे असल्यामुळे त्याचे मांस गर्द लाल आणि बारीक तंतूंचे असते, आणि ज्यांनी ते खाल्ले आहे ते त्याची तुलना गोमांसाशी करतात. परंतु ते खाण्याजोगे करण्याची एक रीत आहे आणि ती शिकावी लागते. शेपटीच्या बुडाशी त्याच्या गंधग्रंथी असतात. पूर्वी औषधांत आणि आजही काही अत्तरांत वापरला जाणारा कॅस्टोरियम हा उग्र वासाचा पदार्थ याच ग्रंथींतून मिळतो. सोलताना चाकू लागून त्या फुटल्या तर तो वास मांसात उतरतो आणि ते खाण्यालायक राहत नाही. त्या अखंड काढून झाल्या की वरची चरबी खरवडतात, मांस बहुधा रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि मग कांदा, गाजर, बटाटे घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. क्री आणि अन्य मूलनिवासी समाजांत शेपटीला विशेष मान आहे. ती आगीवर धरली की वरची खवल्यांची कातडी फुगून सुटते आणि आतला चरबीयुक्त भाग खातात. तिकडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात नुसत्या सशासारख्या चरबी नसलेल्या मांसावर माणूस तग धरू शकत नाही, आणि म्हणूनच या चरबीला पिढ्यानपिढ्या एवढे मोल आले. पोटाची गरज, ऋतू आणि अनुभवातून आलेले ज्ञान यांतून घडलेली ही खाद्यपरंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच वाटतो.

त्याच ज्ञानात सावधगिरीही येते. बीव्हरला टुलारेमिया नावाचा जीवाणूजन्य रोग होऊ शकतो आणि सोलणाऱ्याच्या हातावर बारीकशी जखम असली तरी तो माणसात शिरतो. त्यामुळे जाणकार माणूस हातमोजे घालतो, यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर ते जनावर टाकून देतो आणि मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचेल इतके शिजवतो. चित्रफितीत यातले काहीही सांगितलेले नाही. सत्तरीच्या लोकांना तर रानातल्या जनावरांच्या सहवासातून येणाऱ्या आजाराची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. माकडताप २०१५ पासून आपण आपल्याच तालुक्यात पाहिला आहे आणि तो गोचिडींमार्फत येतो. रानात मारलेले जनावर खांद्यावर टाकून आणणारा माणूस त्याच्या अंगावरच्या गोचिडीही घरी आणत असतो, हे मी वर्गात मुलांना सांगत असे आणि आज मोठ्यांनाही सांगावेसे वाटते.

आता कायद्याविषयी. कॅनडात वाटेल त्याने, वाटेल तेव्हा बीव्हर मारावा अशी मुभा नाही. परवाना लागतो, त्यासाठी बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण घ्यावे लागते आणि अनेक प्रांतांत नोंदणीकृत सापळा-क्षेत्रे ठरवून दिलेली असतात. फरसाठीच्या सापळ्यांचा हंगाम मुख्यतः थंडीचा असतो, कारण तेव्हा फर दाट असते, आणि पिल्ले आईच्या दुधावर असतात त्या उन्हाळ्यात हे सापळे लागत नाहीत. सापळा कसा असावा, म्हणजे जनावराचे हाल कमी होतील, याविषयीसुद्धा कॅनडाने १९९७ मध्ये युरोपीय समुदायाशी करार केलेला आहे आणि त्यात बीव्हरचा समावेश आहे. मूलनिवासी समाजांचे पारंपरिक हक्क तेथील १९८२ च्या संविधान कायद्याने मान्य केले आहेत. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रानात मारलेल्या जनावराचे मांस हॉटेलात विकण्यावर तिकडे सर्वसाधारणपणे मनाई किंवा कडक बंधने आहेत. चित्रफितीतला शिकारी आपल्या घरच्या ताटासाठी शिजवतो आहे. आपल्याकडचे पोत्यातले बेडूक कोणाच्या ताटासाठी चालले आहेत, हे आपण सगळे जाणतो.

ही शिस्त त्या देशाला सहजासहजी लाभली नाही. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा व्यापार मुख्यत्वे बीव्हरच्या कातड्यांवर उभा राहिला, कारण त्याच्या आतल्या मऊ केसांपासून युरोपातल्या टोप्या बनत. याच काळात क्युबेकच्या कॅथलिक वसाहतकारांना उपवासाच्या दिवसांत बीव्हर खाण्याची सवलत चर्चकडून मिळाली. पाण्यात राहतो म्हणून तो माशात गणला गेला, आणि कोरेज्माचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे, दिवस पाळणाऱ्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना हे वाचून नक्कीच नवल वाटेल. दोनशे-अडीचशे वर्षांच्या या व्यापाराने मोठमोठ्या प्रदेशांतून बीव्हर नाहीसा झाला. मग शिकार बंद करावी लागली, राखीव क्षेत्रे निर्माण करावी लागली, काही ठिकाणी बाहेरून जोड्या आणून सोडाव्या लागल्या. १९३७ पासून ज्या प्राण्याची प्रतिमा त्यांच्या पाच सेंटच्या नाण्यावर आहे आणि १९७५ मध्ये ज्याला देशाचे अधिकृत प्रतीक म्हणून मान्यता मिळाली, तो आज मुबलक आहे म्हणून मर्यादेत मारला जातो. याच प्राण्याची १९४६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगो येथे आयात झाली आणि तेथील जंगलांचा त्याने इतका नाश केला की आज त्याला हटवण्याचे प्रयत्न चालू आहेत. उलट स्कॉटलंडमध्ये नामशेष झालेला युरोपीय बीव्हर परत आणल्यावर २०१९ पासून त्याला कायद्याचे संरक्षण देण्यात आले आहे. एका मुलखात काय चालते, यावरून दुसऱ्या मुलखात काय चालावे हे ठरवता येत नाही. तेथे तो प्राणी किती उरला आहे आणि त्याचे तिथे काय काम आहे, हे आधी पाहावे लागते.

या कसोटीवर आपल्या बेडकाकडे पाहावे. आपल्याकडे पकडला जातो तो प्रामुख्याने मोठा भारतीय बेडूक. उन्हाळाभर जमिनीत दडून राहिलेला हा प्राणी पहिल्या पावसात बाहेर पडतो. नर पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून मादीला साद घालतात आणि उथळ पाण्यात शेकडोंनी जमतात. वर्षभराचे प्रजनन या थोड्या रात्रींत उरकायचे असते आणि नेमक्या याच रात्री त्यांच्यावर टॉर्च रोखला जातो. प्रकाशाने दिपलेला बेडूक जागचा हलत नाही. त्याला उचलायला कौशल्य लागत नाही, परवाना तर कोणी मागतच नाही, आणि पोत्यात गेलेल्या मादीच्या पोटातली हजारो अंडी तिच्याबरोबर जातात. मागचे पाय ‘जंपिंग चिकन’ या नावाने ताटात येतात आणि उरलेले शरीर बहुतेक वेळा फेकले जाते. कॅनडात पिल्लांच्या दिवसांत सापळे बंद असतात, आपल्याकडे मात्र त्याच दिवसांत शिकारीला जोर चढतो. बीव्हरचे उदाहरण देणाऱ्यांनी या एका फरकावर तरी विचार करावा.

हा धडा आपल्या देशाने एकदा गिरवलेला आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला चार हजार टनांहून अधिक बेडकांचे पाय परदेशी जात होते. भातशेतीतल्या किडी, खेकडे, गोगलगायी आणि उंदरांची पिल्लेसुद्धा खाणारा हा प्राणी शेतांतून उणा होऊ लागला, तेव्हा १९८७ मध्ये केंद्र सरकारला ही निर्यात बंद करावी लागली. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत तो १९८५ पासून आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे, मारणे व विकणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही मळ्यांत पूर्वी जून महिन्यात कानठळ्या बसवणारा जो डराव-डराव आवाज असे, तो आमच्या भागात आता बराच क्षीण झाला आहे.

रानडुकराचा आणि साळिंदराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो बेडकांच्या प्रश्नात मिसळू नये. डुकरांचा कळप एका रात्रीत भाताचे आणि केळीचे पीक उलथून टाकतो, साळिंदर सुरण-कणगी आणि नारळाची रोपे ठेवत नाही, गवे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरतात, आणि ज्याचे वर्षाचे कष्ट मातीत जातात त्या शेतकऱ्याचा संताप खोटा नसतो. त्याच्या बाजूने बोलणारे आपल्याकडे फार थोडे आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. परंतु क्लचच्या तारेचे फासे आणि आमिषात लपवलेले गावठी बॉम्ब हा त्यावरचा उपाय नव्हे. फाशात डुक्कर येईल की बिबटा, हे फास लावणाऱ्याच्या हाती नसते, आणि बॉम्ब चावून जबडा फुटलेली गाय ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको. कायद्याने वाट ठेवलेली आहे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि कलम ११ अन्वये उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या अशा जनावराच्या शिकारीची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. मात्र मारलेले जनावर आणि त्याचे मांस कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता ठरते, ही गोष्ट गावात फारशी कोणाला ठाऊक नसते. हानीची पाहणी वेळेवर झाली, भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी हातात पडली आणि परवानगीचा अर्ज कुठे व कसा करायचा हे पंचायतीच्या फलकावर मराठी-कोकणीत लागले, तर बऱ्याच शेतकऱ्यांना फासाकडे वळावेसे वाटणार नाही.

वन खात्याला माझी विनंती आहे की पावसाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रात्रीची गस्त अभयारण्यांच्या बाहेर, सड्यांवर आणि भातमळ्यांत घालावी, कारण बेडकांची शिकार मुख्यतः तेथेच होते आणि तेथे पहारा नसतो. अन्न व औषध प्रशासन आणि पर्यटन खाते यांनी याच काळात हॉटेलांच्या आणि बारच्या स्वयंपाकघरांची अचानक तपासणी करावी. मागणी किनाऱ्यावर आणि शहरांत आहे, आणि केवळ पोते वाहून नेणाऱ्या गरीब पोराला पकडून ती थांबणार नाही. बहुतेक पंचायतींत २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली समित्या आहेत, त्यांनी मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन गावातल्या कोणत्या पाणथळ जागी बेडूक जमतात याची नोंद करावी आणि त्या जागांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी गावातल्याच तरुणांवर सोपवावी. ज्या मुलांनी मला बीव्हरची चित्रफीत दाखवली, त्यांच्यापैकी काहीजण हे काम करायला तयार आहेत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. मे महिन्याच्या अखेरीस वन खात्याच्या सर्व विभागीय कार्यालयांचे दूरध्वनी क्रमांक आपण पहिल्या पानावर छापावेत आणि जून संपेपर्यंत ते रोज छापत राहावेत. शिकार चालू असताना रात्री दहा वाजता कोणाला फोन करायचा हे माहीत नसल्यामुळे इच्छा असूनही गप्प बसणारे पुष्कळ लोक आमच्या गावांत आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
वाळपई, सत्तरी