अकरावीचा फॉर्म

चिऊ,

मामा उद्या सकाळी वाईला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतेय. सोबत चकल्यांचा डबा आहे. कागदात गुंडाळलेल्या नरम चकल्या आजीच्या, त्यांना हात लावू नकोस. परवा तू दार आपटून गेलीस, त्यावर मी काही लिहिणार नाहीये.

पण गणितात 92, आणि फॉर्मवर दहाच्या दहा पसंत्या आर्ट्सच्या? एखादी तरी... असो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्या हुकतात, एवढं ध्यानात ठेव.

शाळेत त्या समुपदेशक बाई आल्या होत्या ना? म्हणाल्या, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग 25 वर्षांपर्यंत घडतच असतो. म्हणून या वयात मुलं नवंनवं करून बघतात आणि करून बघूनच शिकतात. माझ्या तर पोटात गोळा आला. बाबा म्हणाले, "म्हणजे लग्नात तुझाही कच्चाच होता की!"

सुट्टीत गणपती घाटावर रोज बर्फाचा गोळा लागायचा तुला, आणि रोज वेगळा रंग. खस तोंडात घेऊन थुंकलीस, माझ्या नव्या साडीवर. मी म्हणायचे, ऑरेंज आवडतं ना, मग तेच घे. ऐकलं नाहीस. सगळे रंग झाल्यावर आपणहून कालाखट्टावर थांबलीस, ती आजपर्यंत.

मला आप्पांनी डी.एड.ला घातलं, तेव्हा मी 17 वर्षांची. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. नोकरी लागली, चांगलंच झालं. पण चुकलं असतं तर ती चूकही आप्पांचीच राहिली असती.

तरी गणित एकदा सुटलं की सुटतं गं. काही कॉलेजांत आर्ट्सलाही गणित घेता येतं. विचारून तर बघ, एक फोन फक्त... झालं बघ माझं सुरू. चुकलं.

अजून एक. काल रात्री मी तुझा फॉर्म उघडला होता. पासवर्ड तोच आहे, मांजराचं नाव. सायन्सवर बोट नेलं, बराच वेळ तशीच बसले आणि काही न बदलता बंद केला. शुक्रवारी लॉक करायचाय. तूच कर.

आजीच्या गोळ्या रात्री आठवणीने दे.

आई